अर्धा फेरा

आमच्या मोठीमायनं मला वर्षभर एका टेकडीभोवती अर्धंच पळवलं. अर्धं! आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा डोकं असं फिरायचं की वाटायचं, पळणं-बिळणं राहू दे, आधी हिलाच पहिल्या एस्टीनं माहेरी पोचवून यावं. मोठीमाय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको.

जाफराबादकडं आमचं गाव. गावामागं गवताच्या टेकड्या, एकीला लागून दुसरी. झाड औषधाला नाही, नुसतं कुसळी गवत. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, पोलीस भरती निघणार अशी बातमी होती आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एकच संधी दिली होती. "या खेपेला झालं तं झालं. न्हाई तं पाव्हणे बघून जातील, मंग मला काही बोलायचं न्हाई." म्हणजे पळण्यात पास झाले तरच सुटका. त्यातही अट अशी की एकटीनं माळावर जायचं नाही. सोबतीला मोठीमाय.

आधी सडकेवर पळून पाहिलं. दोनच दिवस टिकलं ते. पळणारी पोरगी दिसली की आमच्याकडं माणसाला एकच सुचतं, घरी कोणीतरी गेलं. "कोण गं? म्हातारा का?" बायका डोक्यावरचं टोपलं खाली ठेवून विचारायच्या. जीपवाला तर हटकून थांबायचा. आत माणसं कोंबलेली, दोघं मागं लटकलेले, तरी म्हणायचा, "बस की ताई, जागा हाये. जल्दी सोडतो." अरे बाबा, मला कुठं जायचंच नाहीये! पळणाऱ्या माणसाला कुठंच जायचं नसतं, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

म्हणून टेकडी धरली. गुरांच्या पायवाटेनं तिला पुरा वेढा बसायचा, चढ-उतार बराबर, पाय कमवायला याहून बरं काय असणार? पण टेकडीच्या माथ्यावर महादेवाचं देऊळ. आणि महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच. पिंडीवरचं पाणी ज्या बाजूनं बाहेर पडतं ती धार ओलांडायची नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं माघारी फिरायचं. देवळात हे सगळेच पाळतात, मीही पाळते. पण मोठीमायच्या लेखी अख्खी टेकडीच देऊळ होती. देवळाच्या अंगानं खाली येणारा ओढा म्हणजे महादेवाचं पाणी, ते ओलांडायचं नाही. संपलं.

"मोठीमाय, ओढा कोरडाठाक पडलाय."

"पाणी न्हाई म्हून काय झालं? वाट तं त्येचीच हाये."

उलट्या अंगानं निघाले तरी पलीकडून तोच ओढा आडवा यायचा. आणि ही बाई तिथंच दगडावर ठाण मांडून बसायची. मी चढ मारून येतेय, पाय आत्ता कुठं मोकळे झालेत, दम बसलाय, की हिचा हात वर. "हां, फिर मागं!" किती भांडले मी! मैदानावर गोल पळायचं असतं, असं मधेच थांबून वळायचं नसतं, हे अंगणात कोळशानं काढून दाखवलं. तिनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "मंग तिथं पळ की गोल. मी कुठं न्हाई म्हणून राह्यले?" कपाळावर हात मारून घ्यायचा फक्त. घरी आल्यावर माझ्या सलवारीतली कुसळं मात्र तीच एकेक करून उपटायची, आणि वर मलाच बोलायची की नीट पाहून पळत जा.

भरती जालन्याला होती. आबांना कापूस वेचणीचं निमित्त, त्यामुळं सोबत आली मोठीमायच. मैदानाच्या कडेला, पिंपळाखाली, महादेवाचं इवलंसं देऊळ. नशीब बघा माझं! त्यात वार सोमवार. मी खाली मान घालून पळत होते, फेऱ्या छान जमून आल्या होत्या, पुढं मोजक्याच पोरी होत्या. शेवटच्या फेरीत वळणावर आले आणि समोर पाणी. मधल्या वेळात कोणीतरी पिंडीवर घागर ओतली असणार. बोटभर रुंदीची धार देवळातून निघून आमच्या पळायच्या पट्टीवर आडवी आली होती.

आणि माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत हो, आपोआप थांबले. अंग अर्धं मागं वळलंसुद्धा. दोन पोरी बाजूनं झपाझप निघून गेल्या. मला सगळं कळत होतं, की गेलं, आता पाव्हणे, आता हातात चहाचा ट्रे, पण पाय काही उचलेनात. इतका संताप आला स्वतःचा, आणि तिचाही, की रडूच फुटलं.

तेवढ्यात दोरीपलीकडून आवाज आला.

"वलांड! अगं वलांड ना, माय! वलांड!"

मोठीमाय दोरीवर ओणवी होऊन ओरडत होती. डोक्यावरचा पदर पडलेला, त्याचंही तिला भान नव्हतं. जिनं जन्मात ते पाणी ओलांडलं नव्हतं, ती. माझ्या मागं ते देऊळ तिला चांगलं दिसत होतं.

मी ओलांडलं. पुढं कशी पळाले ते आठवत नाही, पण पास झाले.

परतीच्या एस्टीत तिचा आवाज पार बसला होता. ती खिडकीला टेकून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, मधेच हात जोडत होती. मी आपली खुशीत. वाटलं, त्या ओढ्यातून सुटले एकदाची.

दुसऱ्या दिवशी पळायची काही गरज नव्हती, तरी सवयीनं आम्ही दोघी टेकडीवर गेलो, निवांत चालत. ओढ्याशी आल्यावर मी सरळ पाय उचलला, तर हिनं दंड धरून मागं ओढलं.

"फिर मागं."

माझं डोकंच सणकलं. "अगं, काल तर तूच बोंबलत होतीस, वलांड म्हणून!"

"काल तुझ्यासाठी म्हणले," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्येचं पाप लागायचं तं मला लागू दे, पोरीला नको, म्हून रातभर इनवलं त्येला. आता रोज रोज कोणत्या तोंडानं इनवू?"

मी पाय मागं घेतला. तिचा हात धरला आणि आल्या वाटेनं आम्ही माघारी निघालो.