तीनशे पासष्टावा दिवस

“आरं येड्या, सरकारच्या दारात आपल्या पायानं जायला तुला सांगितलं कुनी?”

“कुनी न्हाई, वकीलबाई. म्हटलं, चोवीस वर्सं झाली हिरवं कार्ड घिऊन, आता नागरिक व्हावं. फारमात इच्यारलं, कधी गुन्हा केलाय का? म्या खरं त्ये लिवलं.”

“खरं लिवलंस आन् मेलास.”

“त्ये पाइपाचं परकरन व्हय? त्येला सोळा वर्सं झाली की! एक दीस सुदिक तुरुंगात न्हाई गेलो म्या.”

ओर्तेन्सिया किरोझनं हातातलं पेन टेबलावर आपटलं. अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात, जिथं सफरचंदाच्या बागा टेकडीच्या अंगावर चढत गेल्यात, तिथं तिला सगळे तेंचा म्हणतात, आणि तोंडावर वकीलबाई. टायरच्या दुकानाला लागून तिची कचेरी. बाहेर टायरवाल्याचं यंत्र ठाँय ठाँय करतं आणि आत ती करते. वय बावन्न. मेक्सिकोतल्या मिचोआकानातून आईच्या पाठीवर बसून आली, चेरीच्या झाडावर वाढली, चाळिशी उलटल्यावर वकील झाली. तिच्याकडं येणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी कोर्टात “गुन्हा कबूल” म्हणून आलेला असतो. त्या दोन शब्दांपायी आता त्याला देशाबाहेर काढायला निघालेले असतात. अशा माणसाला आधी ती शिव्या घालते, मग त्याचे कागद मागते.

पुढ्यातला अबुंदिओ लुकातेरो बागेत छाटणी करतो. सोळा वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला गवतात पडलेले अल्युमिनियमचे सहा पाइप त्यानं उचलले आणि भंगारात घातले. पाइप मालकाचे निघाले. कोर्टात त्याच्या बाजूनं फुकटचा वकील मिळाला, त्यानं तडजोड करून दिली. गुन्हा कबूल कर, दंड भर, तीनशे पासष्ट दिवसांची शिक्षा, पण सगळी स्थगित. घरी जा. अबुंदिओ घरी गेला, डुकराचं मटण तळलं, शेजाऱ्यांना जेवू घातलं.

त्या कोर्टात तेव्हा रीतच होती. किरकोळ गुन्हा आला की न्यायाधीश डोळे झाकून तीनशे पासष्ट म्हणायचा. कायद्यात तेवढीच कमाल, म्हणून तोंडात तोच आकडा बसलेला. भोगायची नाहीच शिक्षा, तर आकड्याला कोण विचारतो? पण परदेशी माणसांचा कायदा विचारतो. चोरीला एक वर्षाची शिक्षा सांगितली गेली, मग भोगली असो वा नसो, तर तो महाभयंकर गुन्हा. माणूस हद्दपार, आणि दयेचा अर्जसुद्धा नाही. तीनशे चौसष्ट दिवस असते तर अबुंदिओला कुत्र्यानंही हुंगलं नसतं. पुढं त्या राज्यानं कायदा बदलून कमाल शिक्षाच एक दिवसानं कमी केली. पण आधी ज्यांना तीनशे पासष्ट मिळाले त्यांचे तसेच राहिले.

“मंग आता?” अबुंदिओची बायको चेला म्हणाली. ती मक्याच्या पानात उकडलेल्या तमालेचं पातेलं मांडीवर धरून बसली होती.

“आता जुनी शिक्षा रद्द करायची. पन दया म्हनून न्हाई हुत. त्या टायमाला काम चुकीचं झालं, ह्ये दावायला लागतंय. तुज्या वकिलानं तुला सांगायला पायजे व्हतं, का ही शिक्षा घेतलीस तर देशाबाहेर काडतील. सांगितलं व्हतं?”

“सांगितलं असतं तर घेतली असती व्हय म्या?”

“मंग त्येच्याकडनं तसं लिवून आनते. म्हैन्यानं तुजी हद्दपारीची तारीख हाय. त्येच्या आत व्हायाला पायजे.”

चेलानं पातेलं टेबलावर ठेवलं. “खावा, बाई. डुकराच्या मटनाचं हाय.”

तेंचानं त्या दिवशी एकही तमाल खाल्ली नाही. कारण जुन्या खटल्याचे कागद आदल्याच दिवशी तिच्या हातात आले होते, आणि शेवटच्या पानावर, कबुलीच्या खाली, दुभाष्याची सही होती. ओ. किरोझ. वकिली शिकायच्या फीचे पैसे जमवायला ती तेव्हा त्याच कोर्टात इंग्रजीचं स्पॅनिश करायची. एका सकाळी चाळीस-चाळीस माणसं. अबुंदिओचा चेहरा तिला आठवत नव्हता. सही मात्र तिचीच होती, शेपटासकट. हे तिनं नवराबायकोला सांगितलं नाही. अबुंदिओचा तेव्हाचा वकील, आता म्हातारा झालेला, लिहून देईल, मग आपलं नाव कशाला मध्ये आणायचं, असा तिचा हिशेब.

म्हातारा, डेल प्रुएट, नदीकाठी राहतो. तीन आठवडे त्यानं फोन उचलला नाही. शेवटी ती गेली तेव्हा तो पत्र्याच्या शेडमध्ये माशांना धुरी देत होता.

“ये हॉर्टेन्स.” वीस वर्षं झाली, त्याला तिचं नाव नीट घेता आलं नाही. “मासा खाणार?”

“सही पाहिजे. अबुंदिओ लुकातेरो. हद्दपारीबद्दल तू त्याला काही सांगितलं नव्हतंस, एवढंच लिहायचंय.”

“मला आठवत नाही.”

“मग ‘आठवत नाही, पण मी कुणालाच सांगत नव्हतो’ असं लिही. खरं आहे ते.”

प्रुएटनं चिमट्यानं मासा उलटला. “गावानं मला वर्षाला ठोक रक्कम ठरवून दिली होती, चाळीस येवोत की चारशे. एकेकाला तीन मिनिटं. आता मी लिहून देऊ की मी वाईट वकील होतो? माझे दोन नातू वकिली करतात या गावात.”

“त्याच्या तिन्ही पोरी इथं जन्मल्यात. तुझ्या नातवांना जेवताना खाली मान घालावी लागेल फार तर. त्या पोरींचा बाप जाईल.”

“तू मला लाजवायला आलीस?” म्हातारा पहिल्यांदाच तिच्याकडं वळला. “त्या तीन मिनिटांत तिथं तूही उभी होतीस. त्याची भाषा तुला येत होती, मला नव्हती. तू काय सांगितलंस त्याला?”

“दुभाष्यानं पदरचं अक्षर घालायचं नसतं.”

“मग मला तरी का विचारतेस?”

तेंचानं तिथली बादली लाथेनं उडवली, खारं पाणी म्हाताऱ्याच्या बुटांवर गेलं. गाडीत बसली. निम्म्या रस्त्यात गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. राग म्हाताऱ्याचा होता. पण आता अबुंदिओचा चेहरा आठवला होता. पोरसवदा माणूस, नखांत माती, कोर्टाच्या दाराशी तिला विचारत होता, आता काय करू? आणि तिनं, पदरचं अक्षर न घालणारीनं, खांद्यावर थाप मारून सांगितलं होतं, सुटलास, जा घरी.

आता एकच वाट उरली होती. शपथेवर तिनं स्वतः लिहायचं, की त्या दिवशी वकील जे बोलला ते सगळं माझ्या तोंडून अबुंदिओपर्यंत गेलं आणि त्यात हद्दपारीचा शब्द नव्हता. पण साक्षीदाराला खटल्यात वकील राहता येत नाही. खटला सोडायचा. आणि सोडायचा का, हेही सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. अबुंदिओनं टोपी काढून हातात घेतली.

“त्या बाई तुमी व्हय?” तो म्हणाला. “तुमी म्हनला व्हता, सुटलास. म्या आईला फोन करून सांगितलं, कोर्टातल्या बाई म्हनल्या, सुटलो.”

“म्हनले व्हते.”

“आन् ह्ये तुमाला म्हाईत कवा झालं?” चेलानं विचारलं.

“तीन आठवडं झालं.”

“तीन आठवडं! आन् हितं बसून ह्येला येडा म्हनत व्हता? शिव्या देत व्हता?” चेला उठली. “आमी अडानी मानसं बाई, आमाला काय कळतंय! तुमाला तर दोन-दोन भासा येत्यात. दोन्हीत गप बसला की!”

“शिव्या नंतर घाल. ताकेउची वकीलबाईकडं जा, शेजारच्या गावात. सगळं लिवून, सही करून ठिवलंय. आजच जा.”

“जातो. तुमी सांगितलं म्हनून न्हाई, दुसरी वाट न्हाई म्हनून.”

दार इतक्या जोरात लागलं, की टायरवाल्यानं यंत्र थांबवून डोकावून बघितलं.

सुनावणीला तेंचा साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. तिनं कितीदा तरी लोकांना त्या खुर्चीत बसवलं होतं, स्वतः कधी बसली नव्हती. सरकारच्या बाजूच्या पोरगेल्या वकिलानं विचारलं, “सोळा वर्षांपूर्वीच्या चाळीसातल्या एका माणसाचं बोलणं तुम्हाला आठवतं?”

“त्याचं एकट्याचं नाही. पण त्या कोर्टात मी चार वर्षं होते. हद्दपारी हा शब्द स्पॅनिशमध्ये करायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. एकदाही! ज्यांना गरज होती ते सगळे माझ्या शेजारी उभे होते. आणि बाहेर पडताना मी या माणसाला सांगितलं की तू सुटलास. ते नियमाला सोडून होतं, आणि खोटं होतं.”

न्यायाधीशीणबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला. सरकारच्या बाजूनं हरकत आली नाही. जुनी कबुली रद्द. नवी कबुली, तीनशे चौसष्ट दिवस, सगळे स्थगित. पुढचा खटला.

तेंचानं भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. चार मिनिटं. आनंद व्हायला हवा होता, पण तिला संतापच आला. चार मिनिटांत होणारं काम, आणि तेवढ्यासाठी या माणसानं महिनोन्महिने दारावर थाप पडली की मागच्या खोलीत जाऊन बसायचं? आणि बाकीचे एकोणचाळीस? त्यांच्यातले किती सरहद्दीपलीकडं टाकून दिले, कोण मोजणार? तिचीच सही असेल त्या प्रत्येक कागदावर.

बाहेर पायऱ्यांवर अबुंदिओनं ताकेउचीबाईचे दोन्ही हात धरले. तेंचाला बघून त्यानं टोपीला बोट लावलं, एवढंच. चेला जवळ आली.

“माफ न्हाई केलं म्या तुमाला,” ती म्हणाली.

“म्या माफी मागितली न्हाई.”

“ती बी मागत न्हाईत तुमी!” चेला गाडीकडं गेली, अर्ध्यातून वळली. “माज्या भनीच्या नवऱ्याचं बी एक परकरन हाय. त्याच सालचं. कुनाकडं धाडू?”

“दुभाशी कोन व्हतं, त्ये आधी बगायला सांग. म्या असले तर ताकेउचीबाईकडं. नसले तर माज्याकडं.”

कचेरीत तीन माणसं भिंतीला टेकून उभी होती, छाटणीच्या कात्र्या अजून कमरेला. तेंचानं कोटही काढला नाही. पहिल्याला आत बोलावलं, खुर्चीतली फायलींची चवड जमिनीवर ठेवली.

“बस. काय कबूल करून आलायस, येड्या? कागद दाव.”