आढ्यातलं जाळं

"हे जाळं काढा लागते," म्हणत गुरुजी आढ्याकडे पाहत. तेवढ्यात पट्टीजवळ उभं असलेलं मूल गुडघे वाकवून घेई.

अमरावतीत राजापेठेला एका मदतसंस्थेचं दूधकेंद्र होतं. भुकटी परदेशातून येई आणि देणाऱ्यांचा नियमही तिच्याबरोबर येई: दूध सात वर्षांखालच्या मुलांनाच. जन्मतारखा कोणाच्याच घरी लिहिलेल्या नव्हत्या. म्हणून दाराच्या चौकटीला लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर खूण केली होती. डोकं खुणेवर गेलं की दूध बंद. वाटप करणारे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

मी तेव्हा एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. एकदा विचारलं, "गुरुजी, जाळं काढणार कधी?"

"काहून? पेपरात छापता काय?"

मग हळूच म्हणाले, "नियम लिहिणाऱ्यानं आमची पोरं पाह्यली असती, तं खूण थोडी वर राह्यली असती."

देणगीदारांचा पाहुणा येणार असल्याचं पत्र आलं. पुढची मदत त्याच्या अहवालावर होती. आदल्या दिवशी गुरुजींनी बांबूला झाडू बांधून आढं स्वच्छ केलं.

रांगेत वीटभट्टीवरच्या बाईची मुलगी होती. नववं लागलेलं, पण हाडंच दिसत. सकाळचं तिचं खाणं म्हणजे हे दूध. पट्टीला टेकून ती सवयीने वाकली. पाहुणा हसला. खांदे धरून त्याने तिला प्रेमाने सरळ उभं केलं. डोकं खुणेच्या दोन बोटं वर गेलं.

गुरुजींनी वर पाहिलं. आढ्यात काही नव्हतं.

"तू मोठी झाली आता, माय," ते म्हणाले.

"काल तं लहान होती मी, गुरुजी."

अहवाल चांगला गेला. मोजमाप काटेकोर असल्याचा त्यात उल्लेख होता. ती बातमी मीच छापली. मदत चालू राहिली. मुलगी पुन्हा आली नाही. गुरुजी डबा घेऊन भट्टीवर गेले, तेव्हा तिचं बिऱ्हाड हललं होतं. त्यानंतर मुलं पट्टीपाशी आली की ते रस्त्याकडे पाहत. मुलं वाकतच होती.

काही वर्षांनी देणाऱ्यांनी मदत दुसऱ्या देशाकडे वळवली. केंद्र बंद पडलं. गुरुजी अकोल्याला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. मला उशिरा कळलं.

नंतर एकदा त्या खोलीत गेलो. पट्टी तशीच होती. खुणेखाली बोटभर रुंद, डोक्यांच्या तेलाचा काळा डाग होता. वरचं लाकूड कोरं होतं.