पुजलेल्या यंत्राची विश्रांती

ती घटना आठवली की मला आधी झेंडूचा वास येतो. कोल्हापुरातला दसऱ्याचा बंदोबस्त आटोपून मी ठाण्यात जरा कुठे टेकलो होतो. पाय बोलत होते. तेवढ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीचे मालक तावातावाने आत आले.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करून त्यांचा कारखाना बंद झाला होता. दसऱ्याची सुट्टी संपवून उघडला, तर एकही संगणक चालेना. सर्व्हरच्या वायरी कुणीतरी काढलेल्या. साच्यांची सगळी ड्रॉइंग त्या सर्व्हरमध्ये, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच खोलीतलं, तेही बंद. मालकांनी दारातूनच हे पाहिलं, कुलूप लावलं आणि ठाणं गाठलं.

"आमच्या संगणकवाल्या बाईचं काम हाय हे साहेब. राजीनामा दिलाय तिनं, पुण्याला चाललीय. खोलीची एक किल्ली तिच्याकडं असती, दुसरी आमच्या घरात. गुन्हा दाखल करा."

मी वॉचमनला बोलावून विचारलं, "सुट्टीत कोण आलं होतं?"

"कोण न्हाई साहेब. दसऱ्याला ती बाई तेवढी फाटकापतुर आलती. मी न्हाई सोडली."

झालं, मालकांना हेच हवं होतं. बाईंना बोलावलं. जयसिंगपूरची मुलगी, तिशीच्या आतली. सोबत वडील आलेले. ते बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले. नव्या कंपनीने तिच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला होता. गुन्हा नोंदला की ती नोकरी गेलीच.

मी दरडावूनच विचारलं, "सुट्टीच्या दिवशी फाटकाशी काय काम होतं?"

"पूजेच्या दिवशी दुपारी मोबाईलवर मेसेज आला, सर्व्हर बंद पडल्याचा. मालक गगनबावड्याला, फोन लागेना. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः आले."

"राजीनामा दिलाय ना? मग एवढी काळजी?"

"महिनाभर अजून तिथंच आहे की साहेब. बंद पडलेलं तसंच टाकून घरी कशी बसू?"

आता माझं कुतूहल चाळवलं. मुद्दाम बिघाड करणारा माणूस दुसऱ्या दिवशी आत सोडा म्हणून कशाला येईल? जबाब नोंदवला, पण गुन्हा नोंदवणं थांबवलं. मालक धुसफुसत राहिले. म्हटलं, आधी जागा बघू.

दोन पंच घेऊन खोली उघडली. सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार, हळद-कुंकू. वायरी खरोखरच काढलेल्या होत्या, पण उपटलेल्या नव्हत्या. प्रत्येक वायरीची छान गुंडाळी करून कपाटावर ठेवली होती आणि गुंडाळ्यांवर आपट्याची पानं. राग काढणारा माणूस एवढ्या निगुतीने वायर गुंडाळत नाही, आणि तिच्यावर सोनं तर मुळीच वाहत नाही.

वॉचमनला पुन्हा आत घेतलं. "दसऱ्याला इथं सोनं कुणी वाहिलं?"

"आबांनी की. मालकांचे वडील. पूजेदिवशी बी सगळी गेल्यावर मागं थांबलेते."

"मग मघाशी कोणी नाही म्हणून का सांगितलंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आबा काय 'कोण' हायेत व्हय साहेब? घरचीच माणसं की!"

आबांना आणलं. एका लेथवर धंदा उभा केलेला म्हातारा. त्यांनी काही लपवलं नाही.

"पुजलेलं हत्यार चालवायचं नसतंय. लेथ बंद, भट्टी बंद, आन् हे एकटंच गुरगुरत बसलंतं. म्हटलं त्यालाबी विश्रांती देऊ. खालचा बॅटरीचा डबा ओरडाय लागला, त्याचंबी बटन दाबलं."

मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "आबा, बोलायचं तरी मला."

"तू गगनबावड्याला. आन् त्या पोरीला पोलिसात वडायच्या आधी तू तरी मला कुठं इचारलंस?"

मालक खाली बघू लागले. मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पंचनामा झाल्यावर मुलीने वायरी जोडल्या. एकदम वीज गेल्यामुळे एक डिस्क काही केल्या चालू होईना. मालकांचा चेहरा पडला. पण सुट्टीवर जाताना तिने ड्रॉइंगची प्रत वेगळी काढून ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर कारखाना चालू झाला. मालकांनी तक्रार मागे घेतली आणि फाटकाशी थांबलेल्या तिच्या वडिलांची स्वतः जाऊन माफी मागितली. आबांनी गुंडाळीवरचं सुकलेलं पान उचलून तिच्या हातात दिलं. "सोनं घे पोरी. उशिरा देतोय."

पुढे तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. एवढ्या आनंदाने मी क्वचितच सही केली असेल.

नुकसान दिसलं की आम्ही पोलीस रागावलेला माणूस शोधायला लागतो. इथे नुकसान मायेपोटी झालं होतं, आणि माया करणाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडीच येत नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही वॉचमनला 'कोण आलं होतं' एवढंच विचारून सोडलं नाही. 'आणि घरचं कोण आलं होतं?' हेही विचारलं.