दुसरा हात वाळेपर्यंत

परभणी जिल्ह्यात नेलपॉलिश वाळण्याच्या प्रश्नाकडे माझ्या पालमच्या मामीइतक्या गांभीर्याने पाहणारी दुसरी व्यक्ती नाही, हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. बातमीदारीच्या धंद्यात एवढं ठाम काही लिहायचं झालं तर आम्ही आधी 'बहुधा' किंवा 'समजते' असे शब्द पेरून ठेवतो. इथे त्यांची गरज नाही. पाऊस, कापसाचा भाव, गावातलं राजकारण, यातल्या कशावरही मत विचारलं तर मामी "काय की बाबा" म्हणून मोकळी होते. पण नखाला रंगाचा पहिला हात दिल्यावर दुसरा कधी द्यावा, तोवर बोटं कुठे ठेवावीत, वारा कोणत्या अंगाने घ्यावा, यावर ती न थांबता बोलते आणि समोर कोण बसलं आहे हे पाहत नाही. तिच्याबरोबर बाहेर पडायची मला कायम लाज वाटत आली आहे. मला आवडणाऱ्या मोजक्या माणसांत ती आहे, हेही नोंदवून ठेवतो.

काही वर्षांपूर्वीचा एसटीचा प्रवासच घ्या. पालमहून गंगाखेडला निघालो की ती खिडकीची जागा धरते, हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवते आणि मुलीला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, कोमलला आमच्या मधे बसवून तिच्या नखांना रंग देते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचा हात हलत नाही, हे मान्य करायला हवं. पहिला हात झाला की ती कोमलशी जागा बदलते, तिची दोन्ही मनगटं धरते आणि बोटं खिडकीबाहेर काढते. रस्त्याकडेला उभी असलेली माणसं आपल्याला कुणी हात केला असं समजून उलट हात करतात. एकदा एक म्हातारा गाडी थांबेल म्हणून धावत सुटला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हात आत घ्या, समोरून ट्रक येतेत." मामीने त्याला शांतपणे सांगितलं की हात आत घेते, पण ड्रायव्हरला गाडी जरा बेतानं घ्यायला सांगा, लय जोराचा वारा लागला की रंगाला सुरकुत्या पडतात. सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. पिशवी माझ्या मांडीवर असल्याने मी तिच्याबरोबरचा नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती.

तिची पद्धत तशी साधी आहे आणि ती कुणालाही सांगते. रंग जाड द्यायचा नाही, पातळ दोन हात द्यायचे. पहिला जरा सुकत आला की बोटं गार पाण्यात बुडवायची, बाहेर काढून झटकायची, वाऱ्यावर पुरती कोरडी करायची आणि मगच दुसरा. केस वाळवायच्या मशीनवर तिचा राग आहे. "ऊन हवेनं वरून वाळतंय, आत कच्चंच ऱ्हातंय," असं तिचं म्हणणं. अडचण एवढीच, की गार पाणी कुठलं घ्यावं याचा ती विचार करत नाही. एका लग्नात मठ्ठ्यासाठी आणलेल्या बर्फाच्या लादीवर तिने पाच-सहा पोरींची बोटं ओळीने टेकवून ठेवली होती. आचारी पळी घेऊन धावत आला. मामी त्याला म्हणाली, "बरफाला रंग लागत न्हाई बाबा, नखाला बरफ लागतोय. तू तुझं काम कर." जेवणात मठ्ठा आला तेव्हा मी घसा धरला आहे असं सांगून तो नाकारला. शेजारच्या पाहुण्याने दोनदा मागून घेतला आणि चव छान आहे म्हणाला.

नवी बाटली आणली की नमुना पाहण्यासाठी तिला एक नख लागतं. स्वतःच्या नखांना ती काही लावत नाही, त्यामुळे जो जवळ असेल त्याचं नख धरते. एका रविवारी माझी करंगळी तिच्या हाती सापडली. गुलाबी रंग होता. पुसायचं औषध संपलं होतं आणि "दोन-चार दिवसांत आपसूक निघंल की बापू" असा तिने निर्वाळा दिला. दुसऱ्या दिवशी एका कार्यालयात पत्रकार परिषद होती. पाणीटंचाईवर मी हात वर करून प्रश्न विचारला. साहेबांनी सविस्तर उत्तर दिलं, पण ते सगळं माझ्या करंगळीकडे बघून. पुढच्या प्रश्नापासून मी हात खिशात ठेवला.

बोरीच्या लग्नातली फजिती तर अजून सांगितली जाते. वेचणी झाली होती आणि भाव येईल म्हणून घरोघरी कापूस भरून ठेवलेला होता. नवरीच्या घरात पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरली होती आणि बसायला जागा तेवढी दारासमोरच होती. मामीने पहिला हात दिला. तेवढ्यात लाइट आली. मामीला एवढा आनंद झाला की तिने टेबलफॅन उचलून आणला, कापसाला पाठ करून नवरीला बसवली आणि पंखा तिच्यासमोर ठेवायचा तो गडबडीत तिच्या मागे, कापसाच्या ढिगापाशी ठेवून पूर्ण जोरात सोडला. नवरीच्या दहाही नखांना पांढरी लव फुटली. मुलीचा चुलता दारातून डोकावला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पोरीचं मांजर झालं का काय?" बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. ही बाई कुणाची कोण, अशी चौकशी बाहेर सुरू झाली, तेव्हा मी मांडवाच्या कापडाची वीण निरखत होतो. मामीने मात्र न हसता एकेक नख खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिच्या कपाळावर घाम होता. तिला हळदीच्या आत दोन हात पुरे करायचे होते.

तिच्या घाईचं कारण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच कुणी बोलत नाही. मामा गेले तेव्हा कोमल दुसरीत होती. त्यानंतरच्या पहिल्या लग्नात मामी सवयीने हळदीच्या ताटाकडे गेली. तिच्या आत्यासासूने, जिला आम्ही बोरीची आजी म्हणतो तिने, ताट दुसरीकडे सरकवलं. कुणी रागावलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. नवरीला हळद लावायची, ओटी भरायची, बांगड्या भरताना जवळ बसायचं ते सवाष्णींनी. विधवेने कोठी सांभाळायची, म्हणजे आचाऱ्याला लागेल तसं तेल, साखर, डाळ काढून द्यायची. अशी वाटणी आहे. मामी त्या दिवशी कोठीत गेली. पुढच्या लग्नाला ती येताना नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि सरळ नवरीसमोर जाऊन बसली. म्हाताऱ्या बायकांत कुजबुज झाली. पण नेलपॉलिश त्यांच्या लग्नात नव्हतं, त्यांच्या सासवांच्याही लग्नात नव्हतं, त्यामुळे ते कुणी लावावं आणि कुणी लावू नये याचा नियमच कुणाला सापडेना. शेवटी बोरीची आजी म्हणाली, "त्याला काय शास्तर हाय? लावू द्या."

त्या एका वाक्यावर मामीचं सगळं चाललेलं आहे. नवरीचा हात हातात घेऊन बसायची तिला मिळालेली मुभा एवढीच, आणि तीही हळदीचं ताट येईपर्यंतची. ताट आलं की उठायचं. तोवर रंग वाळला नाही तर हळद त्यावर बसून नखं पिवळट होणार, आणि मग पुढच्या लग्नाला तिला कोण बसू देणार? म्हणून बर्फ, म्हणून पंखा, म्हणून एसटीच्या खिडकीतला सराव. तिला ऊठ म्हणायची वेळ मात्र आजवर कुणावर आली नाही. ताटाची चाहूल लागली की ती आपणहून उठते, बाटली कमरेला खोचते आणि कोठीकडे जाते. हे ती इतक्या सफाईने करते की नवख्या पाहुण्याला तिला काही काम आठवलं असावं असं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी कोमलचं लग्न ठरलं. कन्यादान दीर-जावेने करायचं, हळदीला जाऊ पुढे राहणार, हे कुणी मामीला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, की हळद किती वाजता. पालमला घरासमोरच मांडव होता. बांगड्या भरणाऱ्या बाईची एसटी चुकली, ती उशिरा आली आणि मामीच्या वाट्याचा अर्धा वेळ तिथेच गेला. मी मोबाइलवर फोटो काढायच्या कामावर होतो, त्यामुळे पुढचं सगळं जवळून पाहिलं. मामी कोमलसमोर बसली. लाल रंगाचा पहिला हात, गार पाणी, वारा, दुसरा हात, पुन्हा गार पाणी. बायका आजूबाजूला चेष्टा करत होत्या. एक म्हणाली, पोरीची नखं रंगवायलीस का घर रंगवायलीस, झालं का न्हाई अजून? मामीने मान वर केली नाही. ताट घरातून बाहेर आलं तेव्हा तिचं काम झालेलं होतं. तिने बाटलीचं झाकण लावलं, बाटली कमरेला खोचली आणि उठली.

कोमल पाटावर बसलेली होती. तिने हात पुढे केले, बोटं पसरली आणि म्हणाली, "आई, वाळलं न्हाई."

"वाळलंय की," मामी म्हणाली.

"न्हाई. ओलं हाय. धरून बस."

बोरीच्या आजीने हळद खोळंबली आहे, वेळ टळते आहे, असं बजावलं. कोमल तिच्याकडे न बघता म्हणाली, "मग लावा की आजी, मी कुठं नको म्हणायले. आईनं हात धरलेत, तवर तुमी लावा. सोडले तर सगळं इस्कटंल."

नेलपॉलिश ओलं की वाळलेलं, हा निवाडा द्यायचा अधिकार त्या मांडवात एकाच बाईला होता, त्यामुळे सगळ्या जणी तिच्याकडे बघायला लागल्या. मी दोन पावलांवर होतो. नेलपॉलिश वाळलेलं होतं. उन्हात ते काचेसारखं चमकत होतं आणि मामीने त्यावर बोट टेकवलं तेव्हा बोटाला काही लागलं नाही. ती तशीच वाकून उभी राहिली. आयुष्यात या एका गोष्टीबाबत ती कधी खोटं बोललेली नव्हती. तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

"ओलंच हाय, आत्याबाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

हळद लागली. जाऊ मान खाली घालून लावत होती, बाकीच्या सवाष्णींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. कोमलचे हात शेवटपर्यंत मामीच्या हातात होते. कोमलच्या दंडावरून ओघळलेली हळद मामीच्या मनगटापर्यंत आली, ती कुणी पुसली नाही आणि पुसायला सांगितलीही नाही. मध्येच बोरीच्या आजीने विचारलं, "अजून किती येळ गं?" मामी म्हणाली, "लागंल येळ." आजीने एकदा त्या नखांकडे पाहिलं. म्हातारीची नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी चांगली आहे. ती पदर सावरून बसली.

लग्न पार पडलं, कोमल सासरी गेली. काही दिवसांनी मी पालमला गेलो तेव्हा मामीने चहा ठेवला. चहा झाल्यावर तिने हळूच विचारलं, बायका मला काय म्हणायल्यात का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "लय लाज वाटायली बापू. वाळलेलं ओलं म्हणले सगळ्यांच्या देखत. आता माझ्यावर कोण इसवास ठेवंल?" त्या मांडवात दोनशे माणूस तरी होतं. लाज वाटल्याचं मला सांगणारी ती एकटीच निघाली.

मागच्या महिन्यात राणीसावरगावला लग्न होतं. मामीला बोलावणं होतं, मीही होतो. तिने नवरीला दोन हात दिले, फुंकर घालून पाहिली, बोट टेकवून खात्री केली. ताट आलं. मामी लगेच उठली नाही. नवरीचा हात हातात धरून ती थोडा वेळ बसून राहिली. नवरी मैत्रिणींशी बोलत होती. बोलता बोलता तिने हात काढून घेतला आणि हळदीसाठी पुढे केला. मामी उठली आणि कोठीकडे गेली. मी मागोमाग गेलो तर ती आचाऱ्याला साखर काढून देत होती. मला पाहून म्हणाली, "आज ऊन चांगलं पडलंय बापू. लवकर वाळलं."