डी म्हणजे डबा

भाद्रपदात, एका बुधवारी दुपारी, मस्कतहून फोन आला. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला होता. त्या सकाळी तो रस्त्यावरच्या अपघातात गेला.

पुढचे दिवस आले आणि गेले. मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. तेराव्यानंतर कामावर गेलो, पण एका जागी बसवत नसे. कपाटांमधून फिरायचो, नीट लावलेली पुस्तके काढून पुन्हा लावायचो. आईला तेव्हा दिसणे बंद झाले होते. ती ओसरीवर बसून राही आणि फोन वाजला की मान वळवी.

दसऱ्यानंतर भावाच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. भावाच्या ऑफिसातल्या संगणकावर त्याच्या आवाजाच्या तीन फायली सापडल्या होत्या. आईला वाचता येत नाही म्हणून तो तिच्याशी बोलून ठेवत होता. दिवाळीला घेऊन येणार होता. सहकाऱ्याने त्या ऑफिसच्या साइटवर ठेवल्या होत्या. शनिवारी आपल्याकडचे चार वाजले की साइटवरची ती जागा रिकामी होणार होती आणि तो स्वतःही दुसऱ्या देशी जाणार होता. तेवढ्या वेळात उतरवून घ्या, असे तो म्हणाला.

साताऱ्यात माझ्या ओळखीत कुणाकडे इंटरनेट नव्हते. सांगलीत मावसभावाचा संगणकाचा क्लास होता, तिथे होते. आईला सांगितले, त्याचा आवाज आणायला जातो. तिने फक्त विचारले, "आजच आणशील?" मी हो म्हणालो.

शनिवारी पहाटेची एसटी धरली. कराड, इस्लामपूर, आष्टा. प्रत्येक थांब्यावर चालक चहाला उतरला की मी घड्याळ बघे. मांडीवर पुस्तक होते. पान उलटले नाही.

क्लासच्या भिंतीवर मावसभावाच्या अक्षरात एक तक्ता होता: ए म्हणजे फ्लॉपी, सी म्हणजे संगणक, डी म्हणजे डबा. डबा म्हणजे बाहेरून वायरने जोडायची, जाड चकती घालायची ड्राइव्ह. तिच्यावर पांढऱ्या रंगाने 'डी' काढले होते आणि खंडेनवमीचे हळदकुंकू अजून होते. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही, असे मावसभाऊ अभिमानाने म्हणाला. संगणकाच्या पोटात जागा जेमतेम होती. येणारी फाइल पुरी होईपर्यंत तिथे थांबे, तेवढ्यानेच ती भरून जाई. म्हणून फायली डब्यातच घ्यायच्या होत्या. तोच डबा घेऊन मी साताऱ्याला परतणार होतो.

अकराच्या सुमारास फोनच्या लाइनवरून इंटरनेट लागले. पहिल्या फायलीला चाळीस मिनिटे लागली. पडद्यावरची निळी पट्टी भरत गेली, शेवटाला पोचली, आणि संदेश आला की डी वर लिहिता येत नाही. आलेली फाइलही पुसली गेली.

मावसभाऊ म्हणाला, वायर सैल असेल. वायर बदलली, पुन्हा चाळीस मिनिटे, पुन्हा तोच संदेश. मग त्याने चकती बदलली, संगणक बंद करून चालू केला. मधेच फोनची लाइन तुटली. मी खिडकीशी गेलो, परत आलो, परत गेलो.

"दादा, तुम्ही बसा बघू आधी," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघून मलाच सुचेना झालंय."

मी बसलो आणि उठलो. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याने संगणकात तो चालवणारी नवी प्रणाली घातली होती. तेव्हापासून डबा कुणी वापरलाच नव्हता, हे त्याने आता सांगितले. नवीन प्रणालीला डबा चालत नसावा, असे त्याला वाटू लागले. दोन वाजायला आले होते.

कोपऱ्यात आष्ट्याकडचे एक शेतकरी टायपिंग करत होते. चाळिशीचे असतील, सोसायटीत नोकरी मिळेल या आशेने दसऱ्यानंतरच क्लासला लागले होते. इतका वेळ ते आमच्याकडे बघत होते.

"सर, येक बोलू का? लिवायची येळ झाली की तुमच्या डब्याचा दिवा लागतच न्हाई. त्यो खालचा लागतोय, गाण्याच्या चकतीचा."

मावसभाऊ हसला. "अहो, डी म्हणजे डबा. तक्त्यावर लिहिलंय की."

"तक्त्यावर हाय. पर मशिनीला तक्ता वाचाय येतोय व्हय?"

 मावसभावाने ड्राइव्हची यादी उघडली. डी समोर सीडी होती. डबा खाली होता, ई समोर. नवी प्रणाली घातली तेव्हा डबा झेंडूच्या फुलांत, पूजेत ठेवलेला होता. खंडेनवमीला पुजलेल्या वस्तूला सीमोल्लंघनापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून त्याने तो जोडला नव्हता. रिकामे अक्षर सीडीने घेतले, आणि आम्ही तीन तास जिच्यावर लिहिता येत नाही अशा चकतीवर माझ्या भावाचा आवाज लिहू पाहत होतो. डबा ड चा, म्हणून अक्षरावर कुणी शंकाच घेतली नाही. जन्मभर पुस्तकांवर क्रमांक घालणाऱ्या मीही नाही.

ब्राउझरला ई सांगितले. पहिली फाइल पावणेतीनला डब्यात गेली. दिवा लुकलुकला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "आता पाणी चढलं." दुसरी साडेतीनला. तिसरी सुरू केली. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली, चार वाजले, आणि पट्टी थांबली. पुन्हा जोडून पाहिले. तिथे ती फाइल नव्हती.

मावसभाऊ कितीदा तरी म्हणाला, माझं चुकलं दादा. मी नाही म्हणालो. डबा टॉवेलात गुंडाळून दिवेलागणीच्या एसटीने निघालो.

रविवारी ग्रंथालय बंद होते. आईला रिक्षाने तिथे नेले, तिथल्या संगणकाला डबा जोडला आणि तिला समोर बसवले. भाऊ पिठले करपल्याचे सांगत होता, शेजारच्या मल्याळी माणसाच्या घोरण्याची नक्कल करत होता. मधेमधे तो विचारायचा, "आई, ऐकतेस ना?" दर वेळी आई म्हणाली, "हो रे."

दुसरी फाइल संपली. "अजून आहे ना?" तिने विचारले.

"होती," मी म्हणालो. "मिळाली नाही."

तिने माझा हात शोधला आणि धरून ठेवला. पुढे तिने याविषयी कधी विचारले नाही.

आई आता नाही. त्या दोन फायली मी नंतर कॅसेटवर घेतल्या. ती कॅसेट माझ्याकडे आहे. तिसऱ्या फायलीत तो काय बोलला होता, ते मला माहीत नाही.