चालत्या एसटीतले फेटे

केजहून युसूफ वडगावला जाणाऱ्या एसटीत तो फेटेवाला मला एकदाच भेटला. दातात टाचण्या, मांडीवर कापडाचा ढीग. लग्नाचे भगवे, जयंतीचे निळे, उरुसाचे हिरवे, सगळ्या ऑर्डरी एकाच दिवशी, आणि एक गाडी चुकलेली.

"गुडघ्यावर बांधला की ढिला पडतो," असं म्हणत त्यानं सरळ आमचीच डोकी धरली. गाडी खड्ड्यात आपटली तरी त्याचा पीळ हलेना. दाढीवाल्या चाचांना भगवा बसला, जयंतीत दरवर्षी भाषण ठोकणाऱ्या मास्तरांना हिरवा, आणि पुढच्या सीटवरच्या पाटलांना निळा. अख्खी गाडी नवरदेवांनी भरल्यासारखी दिसायला लागली. कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून हसत सुटला.

पाटील तेवढे गुरगुरले, "मला निळा कामून?"

"मालक, मी रंग बघत न्हाई, माप बघतो. तुमचं आन् जयंतीच्या अध्यक्षाचं डोकं एकाच मापाचं हाय."

गाडीत हशा उसळला. वडगाव आलं. त्यानं भराभर फेटे उतरवून घेतले आणि शेवटी पाटलांकडे हात नेला. पाटलांनी तो झटकला.

"थांब बे," ते ड्रायव्हरच्या आरशाकडे वाकत म्हणाले, "आधी बघू तर दे!"