सुभेदारांचा दरबार

"कोणाचा काही पॉइंट?"

चार माणसं एकत्र बसलेली दिसली की सुभेदार हा प्रश्न विचारायचे. आधी उभे राहायचे, शर्टाची खालची कड दोन्ही हातांनी एकदा ओढायचे आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांवरून नजर फिरवायचे. मग थांबायचे. हे थांबणं खरं असायचं. सभेच्या शेवटी "कोणाला काही बोलायचंय का" असं विचारता विचारताच माईक बंद करणारे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. सुभेदार उत्तराची वाट पाहायचे, आणि त्यामुळे लोकांची मोठी पंचाईत व्हायची.

मलकापूरला आमची घरं समोरासमोर. त्यांच्या मुलीची सुपारी फुटली तेव्हा मी हजर होतो. देणंघेणं बोलून झालं, साखर वाटली, आतून वरणाचा वास यायला लागला, आणि सुभेदार उभे राहिले. "कोणाचा काही पॉइंट?"

नवऱ्या मुलाच्या आत्याचे बरेच पॉइंट निघाले. पंगत तासभर खोळंबली. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "आवं, बसा की आता खाली!" सुभेदार बसले नाहीत. त्यांनी प्रत्येक पॉइंट ऐकला, दोन मान्य केले, बाकीचे कारण सांगून नाकारले. जेवताना आत्याबाई मला म्हणाल्या, "आमच्या घरात माझं कुणी एवढं ऐकलं न्हाई बघा." पुढे त्या भावाकडे कमी आणि सुभेदारांकडे जास्त राहायला यायला लागल्या.

ही सवय पलटणीतली. तिथे महिन्यातून एकदा दरबार भरायचा. सगळे जवान एकत्र, समोर कमांडिंग ऑफिसर. ज्याला अडचण असेल त्याने उभं राहायचं, नंबर आणि नाव सांगायचं आणि पॉइंट द्यायचा. डाळ पातळ आहे, रजा अडली आहे, काहीही. सुभेदार सांगायचे, "आवं सर, पॉइंट दिला की उत्तर येतंच. हो म्हणतील, न्हाई म्हणतील, पर गप बसत न्हाईत." अठ्ठावीस वर्षं नोकरी करून माणसाने एवढाच एक धर्म घरी आणला होता. पेन्शन आणि कॅन्टीनचं कार्ड वेगळं.

आम्ही दोघं एकाच यादीतून तुरुंगात गेलो. म्हणजे तुरुंगाच्या अभ्यागत मंडळावर. कैद्यांना कसं वागवतात हे सरकारबाहेरच्या माणसांनीही अधूनमधून पाहावं, मारहाण वगैरे होत असेल तर वर कळवावं, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. आपल्याकडे तरतुदी चांगल्याच असतात. माझ्या नावापुढे 'शिक्षणक्षेत्रातील नामवंत' असं छापलं होतं. बायकोने ते दोनदा वाचलं आणि दूधवाल्याकडे गेली. सुभेदारांच्या नावापुढे 'माजी सैनिक' एवढंच होतं, आणि ते खरं होतं.

तुरुंग कोणता ते सांगत नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना तो शेजारच्या जिल्ह्यातला वाटला तर बरं.

आमच्या पहिल्या भेटीला फाटकाशी रांगोळी होती. भिंतींचा चुना अजून ओला होता. माझ्या बाहीला लागला. आम्हाला शाल आणि श्रीफळ मिळालं, पुढेही दर भेटीला मिळत गेलं. तुरुंग तपासायला आलेल्या माणसाचा तुरुंगाने सत्कार करावा हे मला जरा चमत्कारिक वाटलं, पण शाल बरी होती. मग स्वयंपाकघरात नव्या कोऱ्या स्टीलच्या वाटीत डाळ चाखायला दिली. मंडळाच्या एका सदस्यांनी "घरच्यासारखी आहे" असा शेरा दिला. त्यांच्या घरी काय खातात हे विचारायचं मी टाळलं. भेट तिथेच संपायची होती, पुढे अधीक्षकांच्या खोलीत काजू होते.

पण सुभेदार बराकीकडे वळले. अंगणात कैदी दोन-दोनच्या रांगेत उकिडवे बसवले होते. सुभेदारांनी शर्टाची कड ओढली, नजर फिरवली.

"कोणाचा काही पॉइंट?"

कैद्यांना वाटलं ही काहीतरी नवीन शिक्षा आहे. कोणी बोलेना. सुभेदार थांबले. अधीक्षकही थांबले, कारण पाहुण्याला हाताला धरून ओढता येत नाही. शेवटी मागचा एक म्हातारा उठून म्हणाला, "पंखा फिरत न्हाई." पुढच्या भेटीला पंखा फिरत होता. त्याच्या पुढच्या भेटीला तीन-चार पॉइंट आले: नळ, घोंगडी, खरजेचं मलम. तीही कामं झाली. सुभेदार बसमध्ये मला म्हणाले, "बघा, आपली माणसं वाईट न्हाईत. इचारतच न्हाई कोण."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण पंखा फिरत होता, हेही खरं होतं.

मग ती भेट झाली. त्या दिवशी सुभेदारांनी विचारताच तिसऱ्या रांगेतला एक माणूस भिंतीला धरून उभा राहिला. तिशीचा, काटक. जतकडचा मेंढपाळ. कुणाचीतरी मेंढरं चोरल्याच्या संशयावरून पकडलेला, खटला अजून उभा राहायचा होता, जामिनाला कोणी नव्हतं.

"माजा हाय पॉइंट," तो म्हणाला. "रानात दिवसभर चालनारा मानूस मी. आता संडासपत्तूर जाता येत न्हाई."

त्याने भिंतीला पाठ टेकून एक पाऊल वर करून दाखवलं. तळवा काळानिळा होता आणि सुजून भाकरीसारखा फुगला होता. असा तळवा पडून होत नाही. पडताना माणूस तळवे वर करून पडत नाही, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

"कोणी मारलं?" सुभेदारांनी विचारलं.

मेंढपाळाने बोट केलं. "तुमच्या मागं हुबा हाय त्यो."

आम्ही मागे पाहिलं. मागे एक शिपाई उभा होता. त्याच्या एका हातात सुभेदारांची शाल होती आणि दुसऱ्यात माझा नारळ.

अधीक्षक अतिशय सभ्यपणे म्हणाले, "नोंद घेतली आहे. चौकशी होईल." सुभेदारांनी मेंढपाळाला सांगितलं, "तू बस. तुजा पॉइंट आला. आता उत्तर येनार." परतताना ते जवळजवळ आनंदात होते. "मानूस हुबा राह्यला, सर. समद्यांसमोर. आता उत्तर द्यावंच लागंल त्यास्नी."

मी म्हणालो, "सगळ्यांसमोर म्हणजे त्या शिपायासमोरही."

"दरबारात असंच असतंय," ते म्हणाले. "लपून दिलेल्या पॉइंटला किंमत न्हाई."

पुढच्या भेटीला रांगोळी मोठी होती. सुभेदारांनी विचारलं तेव्हा कोणीही उठलं नाही. पंख्याचा म्हातारासुद्धा जमिनीकडे पाहत होता. मेंढपाळ तिसऱ्या रांगेतच होता. त्याच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं.

अधीक्षकच म्हणाले, "अरे, साहेब मुद्दाम आलेत. सांग की तुझं."

तो बसल्या जागेवरून म्हणाला, "कायबी न्हाई साहेब. पायाचं त्ये न्हाणीत पडलो हुतो."

"आणि हाताला?" सुभेदारांनी विचारलं.

"पडलो."

"परत?"

"व्हय. लय पडतोय मी."

दोन-तीन शिपाई हसले. अधीक्षकही हसले. मेंढपाळही थोडा हसला, आणि ते मात्र पाहवलं नाही.

बसमध्ये सुभेदार टोलनाका मागे गेल्यावर म्हणाले, "पलटणीतबी पॉइंट देनारा रात्री बराकीतच झोपतो, सर. पर तितं बाहेरनं कुलूप नसतंय." आणि थोड्या वेळाने, "माज्या ध्यानातच आलं न्हाई."

त्यानंतर त्यांनी वर कळवायला सुरुवात केली. वर म्हणजे किती वर, हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं. जिल्ह्याला कळवलं, विभागाला कळवलं, राज्याच्या पातळीवर माणसांच्या हक्कांचं जे काही आहे तिथेही कळवलं. मजकूर मी लिहायचो, कारण सुभेदार अर्जाची सुरुवात 'जय हिंद' अशी करत. उत्तरं आली. हे मान्य केलं पाहिजे, प्रत्येक ठिकाणाहून उत्तर आलं, आणि सगळीकडून एकच आलं: अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवला आहे.

संबंधित कोण, हे आम्हाला पुढच्या भेटीत कळलं. अधीक्षकांच्या टेबलावर आमचे सगळे अर्ज एकावर एक नीट ठेवलेले होते. "तुमचीच पत्रं, सुभेदार साहेब," ते म्हणाले. "मराठी फार छान आहे. चहा घ्या."

चौकशीचा निष्कर्षही त्यांनीच सांगितला. कैद्याची तक्रार नाही. वैद्यकीय मत, पडून झालेली इजा. साक्षीदार, नाहीत. त्या अंगणात साठ-सत्तर माणसं होती, आणि माझ्यासारखे नामवंत होते. मी काय पाहिलं ते मी लिहून दिलं होतं. तळवा पाहिला होता. मारताना पाहिलं नव्हतं. माझ्या जबाबावर तसंच नमूद होतं, आणि त्यात चूक काढता येत नव्हती.

एके दुपारी मेंढपाळाची बायको मलकापूरला आली. कैद्याला भेटायला, म्हणजे मुलाखतीला, आलेल्या कोणाकडून तरी तिने घर विचारून घेतलं होतं. आत बोलावलं तरी ती पायरीवरच बसली. वहिनींनी चहा दिला, भाकरी दिली. चहा प्याली, भाकरी पदरात बांधली. सुभेदारांनी मला हाक मारून बोलावून घेतलं, बहुधा एकट्याने ऐकायचा धीर नव्हता म्हणून.

"दादा," ती म्हणाली, "तुमी लय चांगल्या मनानं इचारलं. त्यो बी म्हनतो, म्हातारं मानूस चांगलं हाय. पर आता इचारू नगा."

"मी इचारलं न्हाई तर कोण इचारनार?"

"कुनीच न्हाई," ती म्हणाली. "त्येच बरं हाय."

ती उठली, वहिनींच्या पाया पडली आणि बसस्टॉपकडे गेली. वहिनी पेला उचलत म्हणाल्या, "ती बाई रागावली असती तर बरं झालं असतं."

पुढच्या भेटीला सुभेदार बराकीसमोर उभे राहिले आणि काहीच न विचारता परत फिरले. अधीक्षक त्यांच्याशी त्या दिवशी फार प्रेमाने वागले. नंतर मंडळाची मुदत संपली. नव्या यादीत आमची नावं नव्हती. नवे सदस्य उत्साही होते असं ऐकलं. त्यांनी कैद्यांसाठी योगाचं शिबिर घेतलं.

सुभेदारांनी जाणं सोडलं नाही. मुलाखतीच्या दिवशी ते सकाळची बस पकडायचे आणि फाटकाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचे. नातेवाइकांची गर्दी ओसरली की परत यायचे. आत जाण्याचा अधिकार नव्हता, कोणाला भेटायचं नव्हतं.

"तिथं बसून करता काय?" मी एकदा विचारलं.

"दिसतो," ते म्हणाले.

"त्याने काय होतं?"

"कायबी होत नसंल. पर ज्यानं मारलं त्यो शिपाई आत जाताना बघतो माज्याकडं. त्याला वाटलं पायजे, म्हातारं अजून हाय."

मी एक-दोनदा सोबत गेलो. शिपाई खरंच बघायचा. एकदा त्याने सुभेदारांना पाणीही आणून दिलं आणि गुडघेदुखीवर कोणतं तेल लावता म्हणून चौकशी केली. त्याची आई गुडघ्यांनी अंथरुणाला खिळली होती. सुभेदारांनी तेलाचं नाव सांगितलं. नाही सांगायला काय कारण होतं? पण परतीच्या बसमध्ये ते त्या पाण्याबद्दल माझ्याशी भांडल्यासारखे बोलले.

शेवटचं सांगतो. त्यानंतर चारेक महिन्यांनी सुभेदार गेले. पलटणीतले दोघं-तिघं तिरंगा आणि बिगूल घेऊन आले, चांगला निरोप झाला. पण मला सुभेदार आठवतात ते तुरुंगाच्या आमच्या शेवटच्या फेरीच्या दिवशीचे.

मेंढपाळाच्या बायकोचा फोन आला होता. ती मेंढरांबरोबर खाली कुठेतरी रानात होती, मागे कुत्री भुंकत होती. मेंढपाळाला दुसऱ्या तुरुंगात हलवलं होतं. कुठे, ते कोणी सांगत नव्हतं. ती येऊ शकत नव्हती, मेंढरं सोडून येणार कशी. "दादा, त्येवढं इचारा," ती म्हणाली. "कुटं नेलाय आनि चालतोय का, त्येवढंच."

सुभेदारांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही दोघं गेलो. मुलाखतीच्या खिडकीशी रांग होती. ते रांगेत उभे राहिले. त्यांनी कधीही, कॅन्टीनमध्येसुद्धा, रांग मोडली नव्हती. खिडकीत नवा मुलगा होता, ओळखत नव्हता. सुभेदारांनी मेंढपाळाचं नाव सांगितलं.

"बदली झालीय त्याची," मुलगा संगणकावर पाहत म्हणाला.

"कुठं?"

"नातेवाइकालाच सांगता येतं, आजोबा. तुम्ही कोण त्याचे?"

सुभेदार थांबले. उभ्या हयातीत 'तू कोण' या प्रश्नाला त्यांनी नंबर, हुद्दा आणि नाव एका दमात सांगितलं होतं. माझ्याकडे वळून पाहिलं. मला सुचलं ते मी बोललो, "मामा म्हणा," अगदी हळू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचं की नाही याचा ते विचार करत नव्हते, असं मला वाटतं. खरं काय ते शोधत होते.

"काय लिहू?" मुलाने विचारलं. तो उद्धट नव्हता.

मागे एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. पोर रडायला लागलं.

"आवं आजोबा," ती म्हणाली, "तुमचं कोण नसंल तर सरका की. आमचं हाय आत."

सुभेदार सरकले.